जोडीतलं दुसरं विमान

माझ्या कामाच्या खोलीला खिडकी नाही. हे ऐकून लोक हसतात. "आभाळ सांभाळता आणि साधी खिडकी नाही?" असं आमची मावशी चारचौघांत म्हणायची. अगं मावशे, खिडकीतून दिसणार काय? चार ढग आणि समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. ऐंशी किलोमीटरवरचं विमान बघायला डोळा कामाचा नाही, तिथं रडार लागतं.

मी सायली बिराजदार. लातूरच्या आकाश-कक्षात विमान नियंत्रक आहे. मांजरा नदी ते तेरणा नदी एवढ्या टापूत जे जे उडतं ते आमच्या ताब्यात. पूर्वी इथं महिन्याकाठी एखादं विमान यायचं म्हणे, तेही पुढाऱ्याचं. आता हवाई रिक्षा आहेत, औषधं पोचवणारे ड्रोन आहेत, अँब्युलन्स आहेत, आणि पावसाळ्यात ढगांवर मीठ मारून पाऊस पाडायला जाणारी 'मेघ' विमानं आहेत. त्यांतलं एक माझा धाकटा भाऊ तन्मय चालवायचा. चालवायचा, असंच म्हणायला पाहिजे आता.

आधी रडारचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रडार दोन तऱ्हेचं असतं. पहिलं अगदी आडदांड. ते रेडिओलहर फेकतं आणि काय आपटून परत येतं ते ऐकत बसतं. विहिरीत ओरडलं की आवाज परत येतो, तसंच. मोठं धातूचं विमान असलं की प्रतिध्वनी खणखणीत येतो. तन्मयचं विमान होतं कार्बनच्या धाग्यांचं, एका माणसाचं, बॅटरीवर चालणारं. त्याचा प्रतिध्वनी एखाद्या मोठ्या पक्ष्याएवढा. आणि या रडारला पक्षी, पाऊस, टोळधाड, पवनचक्कीची पाती, रस्त्यावरचा ट्रक, सगळंच ऐकू येतं.

दुसरं रडार शहाणं. ते विचारतं, "कोण आहे?" विमानात ट्रान्सपाँडर नावाचा डबा असतो, तो झटक्यात उत्तर देतो: मी अमुक, एवढ्या उंचीवर. लगेच पडद्यावर ठिपका येतो आणि शेजारी नाव उमटतं. रात्री कुणी दार वाजवलं की आपण "कोण?" म्हणतो आणि बाहेरचा "मीच हाय" म्हणतो, तेवढंच हे शास्त्र. फक्त बाहेरच्यानं बोललं पाहिजे.

आभाळात गर्दी वाढली तसा पहिल्या रडारचा पडदा बघवेना. मग एक हुशार प्रणाली आली. तिचं खरं नाव हातभर लांब आहे, आम्ही तिला 'सूप' म्हणतो. ती प्रतिध्वनी पाखडते. जे उत्तर देतं ते दाणा, ते ठेवायचं. जे उत्तर देत नाही त्याचा वेग, चाल, आकार बघून ते पक्षी आहे का पाऊस का ट्रक हे ती ठरवते आणि कोंड्यासारखं उडवून लावते. उत्तर न देणारं मोठं विमान ती बरोबर पकडते, नाही असं नाही. पण पक्ष्याएवढ्या प्रतिध्वनीचं, पक्ष्याच्या चालीचं काही असलं की ते पक्षीच. पडदा कसा लख्ख! सूप आलं त्या दिवशी खोलीत पेढे वाटले गेले, कारण सगळ्यांचीच डोकेदुखी गेली होती.

आता मेघ विमानांची पद्धत. ती जोडीनं जातात. एक ढगाच्या पोटाखालून मिठाच्या नळकांड्या पेटवत जातं, दुसरं ढगाच्या डोक्यावरून ढग कसा फुगतोय ते मोजतं. म्हणजे पडद्यावर दोघं एकाच जागी, एकावर एक. दोन्ही ट्रान्सपाँडर चालू ठेवले तर आमची यंत्रं "टक्कर, टक्कर" म्हणून बोंब ठोकतात. म्हणून जुन्या वैमानिकांची रीत अशी की जोडीतल्या मोठ्यानं उत्तर द्यायचं आणि धाकट्यानं ट्रान्सपाँडर थांबवून गप्प बसायचं. पडद्यावर एकच ठिपका, शेजारी 'मेघ, २', म्हणजे दोन विमानं. मोठा असतो तिथंच धाकटा असतो, हे सगळ्यांनी धरून चालायचं. सुपालाही तसंच शिकवलेलं होतं.

त्या दिवशी मोठे होते कॅप्टन निटुरे. डोक्यावर पांढरे केस, तोंडात सदा लवंग, आणि तन्मयवर पोटच्या पोरासारखा जीव. ऑगस्टमधली दुपार होती. पावसानं दडी मारलेली, सोयाबीन माना टाकत होतं, आणि त्या दिवशी कुठं बालाघाटच्या डोंगरावर ढग दाटून आले होते. दोघं उडाले.

"मेघ दोन, ट्रान्सपाँडर थांबवा," मी तन्मयला म्हटलं.

"थांबवला, अक्का."

"अक्का नाही, लातूर नियंत्रण."

"बरं, लातूर नियंत्रण अक्का. आईला सांग, आज भाकरी जास्त टाक म्हणावं. भूक लागलीय."

मी हसू दाबलं. सगळं ध्वनिमुद्रित होतं आमच्याकडं, आणि किणीकर मॅडम, आमच्या कक्षप्रमुख, अशा गोष्टींवरून फाडून खातात. "कामाचं बोला," असं मी त्याला म्हटलं. माझं त्याच्याशी झालेलं शेवटचं बोलणं ते.

ढग वाटलं त्यापेक्षा अंगात आलेला निघाला. खालून जाणाऱ्या निटुरे सरांना गारांनी झोडपलं. "मेघ परततोय," ते म्हणाले. मी परवानगी दिली. 'मेघ, २' ठिपका धावपट्टीकडं वळला. तन्मयला त्यांनी परस्पर रेडिओवरून हाक दिली होती, "चल मागे." उत्तर आलं नाही, पण वीज कडकडत असली की रेडिओवर नुसती खरखर असते, त्यात काही नवल नाही. पोरगा शहाणा आहे, येईल मागून, असं त्यांनी धरलं. मेघ विमानांच्या छोट्या धावपट्टीवर मनोरा नाही, माणूस नाही, एक कॅमेरा आहे, आणि तोही पावसाच्या सरीनं पांढराफटक पडला होता. विमान टेकलं. पडद्यावर आलं: मेघ, दोन विमानं, उतरली.

मी आईला फोन केला. "आला गं तुझा लेक. भाकऱ्या टाक."

"टाकलेल्याच हायेत की," आई म्हणाली.

थोड्या वेळानं निटुरे सरांचा फोन आला. आवाजात काळजी नव्हती अजून. "बिराजदार मॅडम, तन्मयला कुठं उतरवलं तुम्ही? लातूरच्या मोठ्या धावपट्टीवर का?"

"तुमच्या मागंच ना तो?"

"माझ्या मागं कुणी नाही."

 पडद्यावर बघितलं, तो लख्ख. हवाई रिक्षा, ड्रोन, अँब्युलन्स, सगळे आपापल्या नावानिशी. डोंगरावर काही नाही. सुपाच्या हिशेबी तन्मय केव्हाच उतरला होता, मग आभाळात तो दिसेल कसा?

काय झालं होतं ते चौकशीत कळलं. त्याच्या विमानावर वीज पडली होती. मोटर शाबूत होती, पण रेडिओ, ट्रान्सपाँडर, आडवं-उभं दाखवणारी यंत्रं, सगळं एका दणक्यात मेलं. तो ढगांच्या वर, उजेडात होता. खाली डोंगरापर्यंत ढगांचं घट्ट पांघरूण. यंत्रांशिवाय ढगात शिरलं की माणसाला वर कुठलं, खाली कुठलं हेसुद्धा कळत नाही. शरीर सांगतं सरळ चाललोय, आणि विमान गिरक्या घेत खाली जात असतं. म्हणून तो शिरला नाही.

मी किणीकर मॅडमकडं धावले. "मॅडम, सूप बंद करा. कच्चे प्रतिध्वनी दाखवा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. सूप एकट्या माझ्या पडद्यापुरतं बंद होत नाही. ते सगळ्या टापूला एकच आहे. ते बंद केलं की सगळ्यांच्याच पडद्यावर पक्षी, पाऊस, ट्रक यांचा नुसता चिवडा होतो, आणि तेवढ्यात कुणाची टक्कर झाली तर? आभाळात माणसं होती. निलंग्याहून एका अडलेल्या बाळंतिणीला घेऊन अँब्युलन्स निघाली होती.

"आधी आभाळ रिकामं करू," मॅडम म्हणाल्या. "रिक्षा उतरवा. बाळंतीण उतरू दे. मग बंद करते."

"मॅडम, माझा भाऊ आहे तिथं वर!"

"माहीत आहे गं मला. म्हणूनच तुझ्या हातात देत नाहीये. बाजूला उभी राहा."

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकेक विमान खाली घेत राहिल्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तरी मी त्यांना माफ केलेलं नाही. बाळंतीण सुखरूप उतरली, मुलगी झाली तिला. ती मुलगी आता रांगत असेल. देव तिला उदंड आयुष्य देवो, पण तिच्या बारशाचे पेढे कुणीतरी खोलीत आणून ठेवले तेव्हा मी उठून बाहेर गेले.

मग सूप बंद झालं. पडद्यावर मोहरीचा डबा सांडावा तसे ठिपके पसरले, हजारो. मॅडमनी खुर्चीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बस. तूच बघ आता." मी एकेक ठिपका टिपत गेले. हा पाऊस, पसरट, वाऱ्याबरोबर सरकतोय. हे ट्रक, ओळीनं रस्त्यावर. हा बगळ्यांचा थवा, नदीकडं. आणि डोंगराच्या वर एक बारकासा, क्षीण ठिपका. सरळ जात होता, एकदम डावीकडं वळत होता, पुन्हा तेवढाच सरळ, पुन्हा डावीकडं.

त्रिकोण काढत होता.

वैमानिकांच्या जुन्या पुस्तकात हे आहे. रेडिओ गेला, ट्रान्सपाँडर गेला, वाट सापडत नाही, तर आहे तिथंच आकाशात त्रिकोण काढत राहा. कुठलाही पक्षी त्रिकोणात उडत नाही. रडारवर बसलेला माणूस बघेल, ओळखेल आणि तुला न्यायला दुसरं विमान पाठवेल. माणूस रडारकडं बघायचा त्या काळातली ही युक्ती. वैमानिकांना ती अजून शिकवतात, परीक्षेत विचारतात. पण रडारकडं आता माणूस बघत नाही, सूप बघतं, आणि हे वैमानिकांना कुणी सांगितलंच नव्हतं. हळू वेगानं एकाच जागी फिरणारा बारका ठिपका सुपानं कशात टाकला? घारीत. ऊन खात फिरणारी घार. माझा भाऊ आमच्या डोक्यावर "मी इथं आहे, मी इथं आहे" म्हणून त्रिकोणांवर त्रिकोण काढत होता आणि आमचं यंत्र त्याला घार म्हणून उडवून लावत होतं.

निटुरे सर तोवर परत विमानात बसले होते. बॅटरी अर्धीमुर्धी भरलेली, गारांनी पंखाला पोचे पडलेले. "मला दिशा सांगा," एवढंच ते म्हणाले. मी सांगत गेले. उजवीकडं. अजून उजवीकडं. वर चढा. त्यांचा ठिपका नावासकट सरकत होता, तन्मयचा बिननावाचा फिरत होता. मधलं अंतर कमी होत होतं. मला तो दिसत होता हो! त्याला ते सांगायला काही म्हणजे काही साधन नव्हतं. मी पडद्याला हात लावून "तन्या, थांब, आले सर, थांब" असं बोलत होते, खोलीतली माणसं बघतायत याची शुद्ध नव्हती मला.

एक त्रिकोण पुरा झाला. दुसऱ्याची पहिली बाजू झाली. दुसऱ्या बाजूला त्याचा वेग पडला. बॅटरी संपली होती. ठिपका वळला नाही, नुसता सरळ, संथ जात राहिला. मोटर बंद पडलेलं विमान तरंगत तरंगत खाली येतं, तसा तो ढगात उतरत गेला.

"कुठं आहे? मॅडम, सांगा, कुठं आहे तो?" निटुरे सर ओरडत होते.

"समोर. जरा डावीकडं. पाच किलोमीटर."

"मला नुसता ढग दिसतोय!"

मग ठिपका गेला. रडारला डोंगराआडचं, जमिनीलगतचं दिसत नाही. पडद्यावर पाऊस होता, ट्रक होते, बगळे होते. मी तरीही त्या जागेकडं बघत बसले, शेवटी मॅडमनी पडदा बंद केला.

तो एका सोयाबीनच्या रानात सापडला. रानाचा मालक म्हणाला, आवाजच आला नाही, नुसतं काहीतरी पडल्यासारखं झालं. चेहऱ्याला काही झालं नव्हतं.

एक गोष्ट मला अजून जाळते. पश्चिमेला, बार्शीकडं, त्या दिवशी आभाळ मोकळं होतं. वीज पडल्या पडल्या तो तिकडं गेला असता तर बॅटरी पुरली असती, कुठल्याही माळावर उतरला असता आणि संध्याकाळी भाकरी खाताना माझी टिंगल करत बसला असता. तो गेला नाही. वाट चुकलास तर आहेस तिथंच थांब, रडारवाला बघेल, असं त्याला शिकवलं होतं. आणि रडारवर कोण बसलंय हे त्याला ठाऊक होतं. त्याला शंकासुद्धा आली नसेल. अक्का बघतेय म्हटल्यावर काय घाबरायचं?

सूप बनवणारी माणसं नंतर आली. चांगली होती बिचारी, तरुण, मान खाली घालून बोलणारी. त्यांनी तन्मयचे सगळे त्रिकोण काढून घेतले, सुपाला शिकवायला. आता आभाळात कुणी त्रिकोण काढला की पडदा लाल होतो. जोडीतल्या दोन्ही विमानांना आता वेगवेगळं मोजतात. त्या सूपवाल्यांतल्या एकीनं मला विचारलं, "मॅडम, हा ठिपका विमान आहे अशी नोंद तुमच्या हातानं कराल का? यंत्राला माणसानं सांगावं लागतं." मी नोंद केली. घारीवर काट मारली आणि विमान लिहिलं. 

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं नाही, आधीचं आहे. तो गेल्यानंतरच्या पाचव्या दिवसाचं.

माती दिल्यापासून आईनं अन्नाला हात लावला नव्हता. रडतही नव्हती. भिंतीला टेकून बसलेली. माणसं यायची, बसायची, जायची. "देवाची आवडती माणसं देव लवकर नेतो," असं कुणी म्हटलं की ती नुसतं बघायची. मला एकदाच म्हणाली, "एवढ्या मोठ्या आभाळात लेकरू एकटंच गं."  माझी मान वर होईना तिच्यापुढं. मावशी म्हणाली, ही अशीच जाईल आता, बघ. डॉक्टरांना बोलावलं तर त्यांनी सलाईन लावू म्हटलं आणि आईनं हात मागं घेतला.

पाचव्या दिवशी दुपारी निटुरे सर आले. एवढा उंचापुरा माणूस, दारातून आत येताना लहान दिसत होता. आईसमोर सतरंजीवर बसले. मी चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

आईनं त्यांच्याकडं बघितलं. "सर, तुमी परत वर गेला होता म्हणं त्येच्यासाठी."

"गेलो होतो, वहिनी."

"गाठ पडली का?"

सरांनी रुमाल काढला, नाक पुसलं, रुमाल परत खिशात ठेवला. "पडली," ते म्हणाले. "अगदी शेजारी गेलो. त्यानं बघितलं मला. हात केला. मी म्हटलं, चल रे माझ्या मागं. आला बिचारा. पण बॅटरीच संपली, वहिनी. ढगात शिरेपर्यंत मी बाजूलाच होतो."

 पाच किलोमीटर. पाच किलोमीटरच्या आत ते दोन ठिपके कधीच आले नाहीत. खोटं बोलतोय हा म्हातारा, माझ्या आईच्या तोंडावर खोटं बोलतोय. मला इतका संताप आला की वाटलं, तिथंच सांगून टाकावं. माझ्या धंद्याचा पहिला धडाच असा आहे की जे दिसलं तेवढंच सांगायचं. दिसलं नाही ते सांगितलं की माणसं मरतात.

आईनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. पाच दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"खरं का गं, सायले?" ती म्हणाली. "तुला तर समदं दिसतंय की तिथं."

सर जमिनीकडं बघत होते.  मावशी माझ्याकडं बघत होती. आईनं माझ्यावरची नजर काढली नाही.

"हो, आई," मी म्हटलं. "दिसलं."

"काय दिसलं?"

"दोन ठिपके. जवळ जवळ."

"किती जवळ?"

"अगदी चिकटून."

"लई येळ?"

"हो. लई वेळ. शेवटपर्यंत."

 आईनं पदर तोंडाला लावला आणि हमसून हमसून रडायला लागली, मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. मावशीनं तिला पोटाशी धरलं. रडता रडता ती म्हणत होती, "एकटं नव्हतं गं माझं लेकरू. एकटं नव्हतं."

"नव्हता, आई," मी म्हटलं.

रडून झाल्यावर तिनं तोंड पुसलं, सरांना म्हणाली, "घ्या, च्या निवतोय," आणि स्वतःसाठी कप उचलला.